कुलपाचा साक्षीदार

पारोळ्याच्या कौतिक पाटलाचा अवघ्या जगावर विश्वास होता. व्यापाऱ्याच्या तराजूवर होता, नव्या एस.टी.च्या वेळापत्रकावर होता, सन बावन्नच्या निवडणुकीत मतं मागायला आलेल्या तिन्ही उमेदवारांवर तर अगदी सारखा होता. विश्वास नव्हता तो फक्त स्वतःच्या उजव्या हातावर. हा हात घराला कुलूप लावायचा आणि लावल्याचा कसलाही पुरावा मागे ठेवायचा नाही.

म्हणून कौतिक कुलूप ओढून बघे. सात हिसके, मोजून. सातव्या हिसक्याला जे समाधान वाटे ते गल्लीच्या तोंडापर्यंत टिके. तिथे पोचलं की मनात कुणीतरी खाकरे आणि विचारी, "लागलं का पण?" कौतिक म्हणे, लागलं, डोळ्यांनी पाहिलं. त्यावर प्रश्न येई, "आज पाहिलं, की कालचं आठवतंय?" या उलटतपासणीपुढे त्याचे डोळे दर वेळी फितूर होत आणि पाय मागे वळत. आता, निघालेला माणूस अर्ध्या वाटेतून परतला तर त्याने बसून घोटभर पाणी प्यावं आणि मगच पुन्हा निघावं, ही रीत. स्वतःच्या घराला तर कुलूप. मग शेजारची बेबाबाई अक्का तांब्या घेऊन ओट्यावर उभीच असे. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर कौतिकला मागे फिरायला वेगळंही कारण मिळे.

हे वेडेपण आहे हे त्याला कळत नव्हतं असं नाही. गल्लीत कुणी नाही ना, हे बघूनच तो हिसके देई. पण कळणं एकीकडे आणि हात दुसरीकडे. भगताने सांगितलं, बाहेरचं आहे. वैद्याने ब्राह्मी दिली. ब्राह्मीने स्मरणशक्ती सुधारली एवढंच झालं. पूर्वी हिसके सहा झाले की सात हे त्याला आठवत नसे, आता पक्कं आठवू लागलं. याला काही नाव असेल, आणि हे दुसऱ्याही कुणाला होत असेल, हे पारोळ्यात कुणाच्या कानावर आलेलं नव्हतं.

गंमत अशी की हंगामात तो कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर कामाला होता. जिनात एक काडी पेटली तर सगळा कापूस जायचा. म्हणून आत शिरणाऱ्या प्रत्येकाची काडेपेटी आणि बिडी काढून घेणं हे त्याचं काम. कौतिक एकेकाला तीन-तीनदा चाचपी, पटक्याचे वेढे सोडवी. एकदा त्याने खुद्द शेठच्या कोटाच्या खिशात हात घातला. शेठ रागावला नाही, त्याने चारचौघांत पाठ थोपटली. ज्या गुणाची फाटकावर शाबासकी, त्याच गुणाची घरी बोलणी.

घरी होती कमलबाई. शिरपूरच्या तोताराम नानांची लेक, लग्नाला तीन वर्षं झालेली.

"चूल विझाडी का?" कौतिक विचारी.

"विझाडी."

"पानी टाकं का?"

"टाकं."

"मनी आन?"

"तुमनी आन!"

मग कौतिक उठून स्वतः चूल बघे, राखेत बोट घाली, भाजलं नाही म्हणून थोडा वेळ खूश राही आणि हात धुऊन पुन्हा विचारी. पहिल्या वर्षी कमलबाईला वाटलं, नवरा काळजीवाहू आहे. दुसऱ्या वर्षी वाटलं, विसराळू आहे. तिसऱ्या वर्षी तिच्या मनात आलं की जो माणूस साध्या चुलीसाठी शपथ मागतो, त्याचा आपल्यावर मुळातच विश्वास नसावा. एकदा हे मनात आल्यावर तीही त्याच्याकडे बारीक डोळ्यांनी बघू लागली. आपण विहिरीवर जातो तेव्हा हा मागून का बघतो? आलो की आधी दाराकडे का बघतो? तो फक्त दाराकडेच बघत होता. पण बघणाऱ्याचं बघणं आणि ज्याच्याकडे बघतो त्याचं समजणं यांचा मेळ बसेल असं कुणी सांगितलंय?

माघात ती भानगड झाली.

त्या सकाळी कमलबाई बेबाबाईबरोबर पाण्याला निघाली आणि डोक्यावरची चुंबळ विसरली म्हणून तिला पुढे जायला सांगून परत आत गेली. कौतिक कामावर निघत होता. त्याने दार ओढलं, कुलूप लावलं, सात हिसके दिले. आतल्या खोलीत चुंबळ शोधणाऱ्या कमलबाईने ते सातही ऐकले, पण रोजचंच, म्हणून लक्ष दिलं नाही. लक्ष दिलं तेव्हा तो गल्लीबाहेर गेला होता, आणि त्या दिवशी नेमका मागे फिरला नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला पुरतं समाधान वाटलं होतं. कुलूप त्याने सात वेळा पाहिलं. घर एकदाही पाहिलं नाही.

"मी मझार शे! मी मझार शे!" कमलबाई आतून दार बडवू लागली.

समोर पितांबर शिंप्याचं दुकान होतं. पितांबर सडाफटिंग माणूस, तीस वर्षांचा, डोक्याला चमेलीचं तेल लावणारा; गावाच्या दृष्टीने संशयाला आणखी काही लागत नाही. तो आधी आला, मग गल्ली आली. बराच खल झाला आणि दुपारी बेबाबाईने हातोडी आणून त्याच्या हातात दिली. त्याने पहिला घाव घातला आणि तेवढ्यात कौतिक गल्लीत शिरला. दुपारच्या सुट्टीत शंका आलीच होती.

त्याने बघितलं: आपलं दार, पितांबर, हातोडी, आणि आतून बायकोचा आवाज.

"तुटनं का?" कौतिक ओरडला. "कुलूप तुटनं का?"

आधी कुलूप. मग, दार उघडल्यावर, बायको.

कमलबाई बाहेर आली, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि चुंबळ डोक्यावर ठेवून पाण्याला गेली. संध्याकाळपर्यंत गावाने निकाल दिला होता. कौतिकने बायकोला कोंडलं, कारण त्याला संशय आहे. संशय आहे म्हणजे माणूस आहे. आणि माणूस कोण, तर जो पहिला धावला तो. ही बातमी पारोळ्यात सगळ्यांना कळली. कळली नाही ती एकट्या कौतिकला, कारण त्याच्यापुढे कुणी बोलत नव्हतं, आणि लोक आपल्याला बघून गप्प का होतात हे त्याने कुलपाच्या हिशेबात टाकलं होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात, तशी कमलबाईही भावाबरोबर, झुलालबरोबर, शिरपूरला गेली. आखाजी झाली, झोके सुटले, गल्लीतल्या सगळ्या सुना परत आल्या. कमलबाईच्या ऐवजी पोस्टकार्ड आलं. अक्षर कुणा मास्तराचं, मजकूर तोताराम नानांचा: "येत्या पुनवेच्या आत स्वतः येऊन न्यावे. माणूस पाठवू नये. न आल्यास तुमचा विचार आम्हांस कळला असे समजून फारकतीचे बघू."

कौतिकने ते कार्ड सात वेळा वाचलं. या वेळी मात्र पहिल्याच खेपेला कळलं होतं.

घर गप्प झालं होतं. चूल पेटतच नव्हती, त्यामुळे विझली का हे विचारायला जागा नव्हती, आणि विचारलं असतं तरी हो म्हणणारं कुणी नव्हतं. बायको हवी हे त्याला इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. तिला आणायचं तर शिरपूरला जायला हवं. जायचं तर घराला कुलूप लावायला हवं. आणि कुलूप लावलं, की जाता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी तो आठ वेळा निघाला आणि आठ तांबे पाणी प्याला. सकाळची गाडी गेली, दुपारची गेली. दुसऱ्या दिवशी गाडीत बसला, तिकीट काढलं आणि गावाच्या नाक्याबाहेर दोन मैलांवर "थांबवा!" म्हणून उतरला. कंडक्टरने विचारलं, "काय विसरलात?" कौतिक म्हणाला, "तेच आठवत नही." तिसऱ्या दिवशी त्याने कुलूपच लावायचं नाही असं ठरवलं आणि उघड्या दारात बसून राहिला. गल्लीत आता नवीच कुजबुज. हा माणूस घर सोडत नाही, म्हणजे घरात काहीतरी पुरलेलं आहे. कंट्रोलची साखर असावी, नाहीतर सोनं. एक हवालदार सहज म्हणून दोनदा गल्लीतून गेला आणि सहज म्हणून दोनदा त्याच्या ओट्यावर टेकला.

असे दिवस जाऊन पुनवेची सकाळ उजाडली.

"अक्का, तू चाल ना संगे," कौतिक बेबाबाईला काकुळतीने म्हणाला. "तू कुलूप देख, आनि वाटमा फक्त सांग, लागेल शे म्हनीसन. बाकी काही नको."

"मना गुडघा तुना बाप देखी का?" बेबाबाई म्हणाली. मग तिने समोर बघितलं. तिच्या मनात काय होतं ते तिलाच ठाऊक. चेहरा मात्र देवळात बसल्यासारखा होता. "पितांबरले ली जाय. त्याना डोया चांगला शे. सुईमा दोरा घालस."

कौतिकला हे पटलं. तो सरळ दुकानात गेला आणि म्हणाला, "पितांबर, चाल. कमलले लेवाले जाऊ."

पितांबरच्या हातातली सुई खाली पडली. गावातली बोलवा त्याला अक्षरन् अक्षर ठाऊक होती. हा माणूस आपल्याला तिथे का नेतोय? वाटेत काय करणार आहे? नाही म्हणावं, तर गाव म्हणेल, भ्याला. म्हणजे होतंच काहीतरी. हो म्हणावं, तर शिरपूरला तिचा भाऊ आहे, आणि झुलालचे दंड पितांबरने आखाजीच्या आधी गल्लीत बघितले होते. त्याने विचार केला, मोठी कात्री पिशवीत टाकली आणि म्हणाला, "चाला."

कौतिकने कुलूप लावलं. सात हिसके त्याने दिले, दोन पितांबरने.

"लागेल शे ना?"

"लागेल शे."

गाडी निघाली. गावच्या नाक्याशी कौतिकने विचारलं, "पितांबर, लागेल शे ना?" पितांबर सावध झाला. ह्या साध्या प्रश्नात काय दडलंय? "शे," तो बेताने म्हणाला आणि पिशवी मांडीवर घेतली. मैलभराने पुन्हा तेच. मग पुन्हा. कौतिकच्या कपाळावर घाम, हात मांड्यांवर घट्ट, डोळे मागच्या रस्त्याकडे. पुढच्या बाकावरचे दोघे शेतकरी आता मान वळवून बसले होते. एक घामाघूम माणूस, एक पिशवी सांभाळणारा माणूस, आणि सारखी कुलपाची चौकशी. शेवटी त्यातला म्हातारा हळूच म्हणाला, "भाऊ, घरमा कोनले ठेई उना?"

"कोनीच नही," कौतिक म्हणाला.

म्हाताऱ्याने उठून जागा बदलली.

धुळ्याला गाडी बदलली तोवर पितांबरची भीती ओसरली होती आणि तिच्या जागी वेगळंच काही आलं होतं. हा माणूस आपल्याला मारणार नाही हे त्याला कळलं. मारलं असतं तर बरं, असं सोनगीरच्या पुढे वाटू लागलं. नरडाण्याला त्याने उत्तर देणं सोडून नुसती मान हलवली, तर कौतिक म्हणाला, "तोंडवाटे सांग." तापी ओलांडताना त्याने आपणहून ओरडून सांगितलं. तीही खेप पुरली नाही.

शिरपूरला तोताराम नाना ओट्यावर बसले होते. बाजूला झुलाल काठीला तेल लावत होता. आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"या जवाई," नाना म्हणाले. पुनवेच्या दिवशी का होईना, आला, म्हणून त्यांचा आवाज थोडा मऊ होता. "आनि हाऊ कोन?"

"हाऊ पितांबर. आमना समोरना शिंपी."

पारोळ्याची बातमी शिरपूरला यायला गाडीचं तिकीट लागत नाही. झुलाल काठी घेऊन उठला. पितांबरने पिशवी पोटाशी धरली.

"याले काबर आना?" नानांचा आवाज बदलला.

"साक्षीदार म्हनीसन," कौतिक सरळपणे म्हणाला.

"साक्षीदार!" नाना उभे राहिले. "मनी पोरनं घर, मना ओटा, आनि तू साक्षीदार उभा करस? काय देखं यानी? सांग, काय देखं?"

"कुलूप," कौतिक म्हणाला.

"कसानं कुलूप?"

"मना घरनं. लागेल शे का नही ते."

नानांनी झुलालकडे बघितलं. झुलालने पितांबरकडे. पितांबरने कुणाकडेच बघितलं नाही. "फारकत," नाना शांतपणे म्हणाले, "मास्तरले बलाव, झुलाल. हाऊ मानूस आपली थट्टा करी राह्यना."

कौतिकचा संसार मोडत होता, समोर, ह्या ओट्यावर, आत्ता. काहीतरी बोलायला हवं होतं. तो पितांबरकडे वाकला आणि अगदी हळू, लाजेने मरत, म्हणाला, "पितांबर... लागेल शे ना?"

"लागेल शे!" पितांबर फुटला. पिशवी खाली आपटली, कात्री खण्णकन वाजली, आणि तो नानांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. "लागेल शे, नाना! पारोळापाईन मी चाळीस डाव सांगं! धुळामा सांगं, नरडाणामा सांगं, तापीवर बोंबली सांगं! तुम्ही माले मारा, पन याले आवरा! आवो, मी एक दिन याना संगे काढा तं मना डोकाना भुगा व्हयना. ती बाई तीन वरीस कशी राहिनी? तिना पाय धरा सगळा!"

दाराआड बांगड्या पुन्हा वाजल्या. कमलबाई उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. मोठ्या माणसांच्या बोलण्यात तिने यायचं नव्हतं, पण तिला थांबवायचं कुणाला सुचलं नाही. ती पितांबरच्या तोंडाकडे बघत होती. तो वैतागलेला, थकलेला, रडकुंडीला आलेला चेहरा तिच्या ओळखीचा होता. तीन वर्षं तिने तो पाण्याच्या हंड्यात बघितला होता.

"यालेबी इचारं?" तिने विचारलं.

"इचारं," कौतिक म्हणाला.

"आन घाली?"

"दोन डाव."

"मंग मनावर संशय नव्हता?"

कौतिकला प्रश्न समजायलाच वेळ लागला. तिच्यावर? "तुनावर काबर?" तो म्हणाला. "संशय मना सोतावर शे. मी सोता देखस, तरी खरं वाटत नही. तू हो म्हनस तवय थोडा येळ खरं वाटस. म्हनीसन इचारस. फिरी फिरी इचारस."

नानांनी आयुष्यात बायकोवर, भावावर, तलाठ्यावर आणि सरकारवर संशय घेतलेला होता. स्वतःवर घेता येतो ही कल्पना त्यांना नवीन होती आणि फारशी आवडलेली दिसली नाही.

"त्या दिवशी," कमलबाई म्हणाली, "मी मझार व्हतू. तुम्ही पहिले कुलूप इचारं."

"हो," कौतिक म्हणाला. "पहिले कुलूपच इचारं. त्यानी माले लाज वाटस."

त्याने सबब सांगितली असती, तर कदाचित ती आत वळली असती. ती वळली नाही. उंबरा ओलांडून ओट्यावर आली आणि म्हणाली, "एक डाव सांगसू. दिनमा एक डाव. दुसरा डाव इचारं तं मी मुकी. आन घेवाव नही. आनि तुम्ही मांगे फिरना तं मी वाट देखाव नही, मोऱ्हे चालनी जासू. कबूल?"

"कबूल."

"बरा होई का हाऊ?" नानांनी पितांबरला बाजूला घेऊन विचारलं. पितांबर म्हणाला, तो फक्त कपडे शिवतो.

नानांचा संशय काही गेला नाही. त्यांनी झुलालला पारोळ्यापर्यंत बरोबर धाडलं आणि गाडीत त्याला नेमकं कमलबाई आणि पितांबरच्या मध्ये बसवलं. खिडकीशी कौतिक, त्याच्या शेजारी कमलबाई. तापी गेली. नरडाणं आलं, तोवर कौतिकने तग धरला. मग म्हणाला, "कमल, कुलूप लागेल व्हई ना?"

"माले काय माहीत?" कमलबाई म्हणाली. "मी तं शिरपूरले व्हतू."

हे उत्तर खरं होतं आणि काहीच कामाचं नव्हतं. कौतिकने झुलालच्या पलीकडे पितांबरकडे बघितलं. कमलबाईनेही बघितलं. पितांबरने तिची नजर बघितली आणि डोळे मिटून घोरू लागला.

सोनगीरच्या अलीकडे कौतिकने दुसऱ्यांदा विचारलं. कमलबाई मुकी. पलीकडे तिसऱ्यांदा विचारलं. मुकी. त्याने विनवलं, मग चिडला, मग मान फिरवून बसला. मग बोटांवर सातापर्यंत मोजू लागला, पुन्हा पुन्हा. कमलबाईलाही ते बघवत नव्हतं. 'लागेल शे' हे दोन शब्द तिच्या ओठांपर्यंत आले, तिने ते पदराच्या टोकाबरोबर दातांत धरले. पण ती सरकून बसली नाही. तिचा खांदा होता तिथेच, त्याच्या खांद्याला लागून राहिला.

धुळ्याला गाडी बदलली आणि चौघं पारोळ्याच्या गाडीत तसेच बसले. कौतिकने चौथ्यांदा तोंड उघडलं. झुलालने कपाळाला हात लावला. पितांबर पुन्हा घोरू लागला.

"भूक लागनी का तुले?" कौतिकने विचारलं.

तीन वर्षांत त्याने तिला हजारो प्रश्न विचारले होते. हा त्यात नव्हता. कमलबाईने जरा संशयानेच त्याच्याकडे बघितलं, पण ह्या प्रश्नाला मुकं राहायचं असं काही ठरलेलं नव्हतं.

"लागनी," ती म्हणाली.

कौतिक खाली उतरून केळीवाल्याच्या गाडीकडे गेला. आणि हा येईपर्यंत आपली पारोळ्याची गाडी निघून तर जाणार नाही, म्हणून कमलबाईने तीनदा झुलालला उठवून कंडक्टरकडे पाठवलं.